गर्भाची खुंटलेली वाढ : वजन, काळ आणि मातेचे श्रम – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नवजात बालकाचे वजन कमी भरते, त्यामागे दोन परस्परभिन्न कारणे असू शकतात. पहिले म्हणजे दिवस पूर्ण होण्यापूर्वीच झालेला जन्म. दुसरे म्हणजे दिवस पूर्ण भरूनही गर्भाशयात मंद राहिलेली वाढ. तराजूत दोन्ही बालके सारखीच दिसतात. परंतु त्यांची शरीरे, त्यांच्यापुढील धोके आणि त्यांच्या जन्मामागील परिस्थिती सारखी नसते. पहिल्या बालकाला वेळ कमी पडलेली असते, तर दुसऱ्याला पोषण कमी पडलेले असते. आज हा भेद वैद्यकाच्या प्राथमिक पाठांत समाविष्ट आहे. आधुनिक वैद्यकात मात्र तो सर्वमान्य होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. तोपर्यंत गर्भाशयात खुंटलेल्या असंख्य बालकांची नोंद ‘अपुऱ्या दिवसांचे मूल’ अशीच होत राहिली.

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. गर्भाच्या मंद वाढीविषयीच्या ज्ञानाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. वजन आणि गर्भकाळ या दोन मोजमापांच्या परस्परसंबंधाचे महत्त्व स्पष्ट करणे.
३. महाराष्ट्राच्या संदर्भात मातेचे पोषण व श्रम यांचे या इतिहासातील स्थान तपासणे.

गर्भाची मंद वाढ ही केवळ वैद्यकीय घटना नसून, काय मोजले जाते आणि काय मोजले जात नाही याच्याशी तिचा इतिहास जोडलेला आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. आयुर्वेदीय ग्रंथांतील विचार

गर्भ वाढत नाही ही गोष्ट प्राचीन भारतीय वैद्यांच्या लक्षात आली होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात ‘उपविष्टक’ आणि ‘नागोदर’ अशा दोन अवस्था वर्णिल्या आहेत. गर्भ आकारास आल्यावर गर्भिणीला रक्तस्राव किंवा अन्य स्राव झाल्यास गर्भाची वाढ होत नाही, तो दीर्घकाळ उदरातच राहतो. हा उपविष्टक होय. उपवास व व्रते यांत मग्न असणारी, निकृष्ट आहार घेणारी, स्निग्ध पदार्थ टाळणारी गर्भिणी असेल तर गर्भ शुष्क होतो, त्याचे स्पंदन मंदावते. हा नागोदर होय. सुश्रुतसंहितेतही वाताने शुष्क झालेला, मातेचे उदर न भरणारा आणि मंद हालचाल करणारा गर्भ सांगितला असून त्यावर दूध, मांसरस अशा पुष्टिकारक द्रव्यांचा उपचार सुचविला आहे.

या वर्णनांतून आधुनिक निदान जसेच्या तसे शोधणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही. कारणमीमांसा त्रिदोषांची आहे आणि गर्भाचे वजन करण्याचा तेथे प्रश्नच नव्हता. तथापि दोन बाबी लक्षणीय आहेत. एक, वाढ खुंटण्याचे कारण मातेच्या आहारात व रक्तस्रावात शोधले आहे. दोन, वाढ आणि काळ या गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. गर्भ लवकर बाहेर येत नाही, उलट तो उदरात राहूनही वाढत नाही, असे तेथे म्हटले आहे. पुढे युरोपात तराजू आला तेव्हा नेमका हाच भेद काही काळ पुसला गेला.

२. तराजू आणि २५०० ग्रॅमची रेषा

अठराव्या शतकापर्यंत युरोपातील प्रसूतिशास्त्राच्या ग्रंथांत नवजात बालकाच्या वजनाचे आकडे बव्हंशी अंदाजाने दिले जात. जर्मनीतील गॉटिंगन येथील योहान गेओर्ग रोडेरर यांनी १७५३ मध्ये नवजात बालकांचे वजन व लांबी यांची प्रत्यक्ष निरीक्षणे प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकात प्रसूतिगृहांचा विस्तार झाला आणि वजन करणे हळूहळू नित्याचे झाले.

पॅरिसच्या मॅटर्निटे रुग्णालयात स्तेफान तार्निए यांनी १८८० च्या सुमारास अशक्त बालकांसाठी उबदार पेटी वापरात आणली. २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण त्यामुळे ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आल्याचे नोंदविले गेले. त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांनी अशा बालकांची ऊब, स्तन्यपान आणि नियमित वजन यांवर भर दिला. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात २५०० ग्रॅम ही मर्यादा मांडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने तिला मान्यता दिली आणि २५०० ग्रॅम वा त्याहून कमी वजनाचे मूल ‘अपक्व’ मानले जाऊ लागले.

ही व्याख्या सोयीची होती. मातेला शेवटच्या पाळीची तारीख आठवेलच असे नसते, तराजू मात्र कोणत्याही प्रसूतिगृहात ठेवता येतो. परंतु या सोयीची किंमत मोठी होती. काळाचे मोजमाप बाजूला पडले आणि वजनच काळाच्या जागी आले. त्यामुळे पूर्ण नऊ महिने नऊ दिवस भरलेले, पण उपासमारीने खुंटलेले मूल कागदावर ‘लवकर जन्मलेले’ ठरले. लवकर जन्माला आले म्हटले की तो निसर्गाचा योगायोग ठरतो. पोटात वाढ झाली नाही म्हटले की मातेच्या ताटाचा आणि कष्टांचा प्रश्न उपस्थित होतो. व्याख्येमुळे हा दुसरा प्रश्न झाकला गेला.

३. मुंबईच्या गिरण्या आणि मातृत्वाचा कायदा

रुग्णालयातील तराजू ज्या प्रश्नाला स्पर्श करीत नव्हता, तो मुंबईत कामगार कायद्याच्या वाटेने पुढे आला. कापड गिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत आणि त्यांतील अनेकजणी प्रसूतीच्या अगदी जवळच्या दिवसांपर्यंत कामावर असत. मजुरी बुडणे त्यांना परवडत नसे. १९२० च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून गिरणी कामगार स्त्रियांच्या मातृत्वविषयक परिस्थितीची पाहणी करविली. पुढे १९३० मध्ये डॉ. मार्गारेट बाल्फोर व शकुंतला तळपदे यांनी याच विषयावरील निबंध ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये प्रसिद्ध केला.

केंद्रीय विधिमंडळात ना. म. जोशी यांनी मातृत्व साहाय्याचे विधेयक आणले होते, परंतु ते संमत झाले नाही. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात असेच विधेयक चर्चेला आले तेव्हा, १९२८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचे समर्थन केले. प्रसूतीपूर्व काळात मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार शासनानेही उचलला पाहिजे, तथापि तोपर्यंत स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाला जबाबदारीतून मोकळे होता येणार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबई मातृत्व साहाय्य कायदा संमत झाला. भारतातील या प्रकारचा हा पहिला कायदा होय. स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये देशव्यापी कायदा झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजेचा कालावधी १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेला.

या कायद्याच्या चर्चेत गर्भाच्या वाढीची परिभाषा नव्हती. तरीही प्रसूतीपूर्वीच्या श्रमांचा व गर्भाच्या कल्याणाचा संबंध त्यात गृहीत धरलेला होता. मात्र कायद्याची मर्यादाही येथेच आहे. गिरणीच्या फाटकातून आत जाणारी स्त्री त्याच्या कक्षेत आली. स्वतःच्या कुटुंबाच्या शेतात खुरपणी करणारी, विहिरीवरून पाणी वाहणारी स्त्री बाहेरच राहिली. तिच्या कामाला मजुरी नव्हती, म्हणून रजाही नव्हती.

४. युद्धकाळातील उपासमारीचा पुरावा

मातेच्या आहाराचा गर्भावर नेमका किती परिणाम होतो, याचा ठोस पुरावा दुसऱ्या महायुद्धाने दिला. हा प्रयोग कोणीही जाणूनबुजून केला नसता. लेनिनग्राडच्या वेढ्यात १९४२ च्या पूर्वार्धात जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन ५०० ग्रॅमहून अधिक घटल्याचे ए. एन. अंतोनोव्ह यांनी १९४७ मध्ये दाखविले.

नेदरलँड्समधील पुरावा अधिक काटेकोर आहे. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये तेथील रेल्वे कामगारांनी संप केला आणि जर्मन सत्तेने पश्चिम भागाकडे जाणारा अन्नपुरवठा रोखला. नोव्हेंबरअखेर शिधा दररोज १००० कॅलरींच्या खाली आला आणि नंतरच्या महिन्यांत तो ४०० ते ८०० कॅलरींपर्यंत घसरला. मे १९४५ मध्ये मुक्ततेनंतर परिस्थिती झपाट्याने सुधारली. उपासमारीचा आरंभ व शेवट ठाऊक असल्यामुळे, आणि प्रसूतीच्या नोंदी सुरक्षित राहिल्यामुळे, गर्भावस्थेच्या कोणत्या टप्प्यात उपासमार झाली हे ठरविता आले. शेवटच्या तीन महिन्यांत उपासमार सोसलेल्या मातांच्या बालकांचे वजन सुमारे ३०० ग्रॅमने कमी भरले. झेना स्टाइन, मर्विन सुसर व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये या साऱ्याचा विस्तृत अभ्यास ग्रंथरूपाने मांडला.

या अभ्यासातून आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. ज्या गर्भांनी केवळ पहिल्या महिन्यांत उपासमार सोसली, त्यांचे जन्मवजन जवळजवळ सामान्य होते. परंतु प्रौढपणी त्यांच्यात लठ्ठपणा व हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे जन्मवजन ही उपयुक्त, परंतु अपुरी साक्ष आहे.

५. वजन आणि काळ यांची फारकत

१९४७ मध्येच मॅक्बर्नी यांनी पूर्ण दिवसांच्या, पण कुपोषित नवजात बालकाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. १९६१ मध्ये वॉर्कनी व सहकाऱ्यांनी ‘गर्भाशयांतर्गत वाढीतील मंदता’ ही संज्ञा शीर्षकस्थानी घेऊन लेखन केले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २५०० ग्रॅमच्या बालकांना सरसकट ‘अपक्व’ न म्हणता ‘कमी जन्मवजनाचे’ म्हणावे, अशी शिफारस केली. शब्दातील हा बदल लहान वाटला तरी त्याने तेरा वर्षांची गल्लत दूर केली.

१९६३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथील लुला लुबचेन्को यांनी गर्भकाळाच्या २४ ते ४२ आठवड्यांसाठी जन्मवजनाचा आलेख तयार केला. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वजन. एवढ्या साध्या मांडणीमुळे प्रत्येक बालकाची तुलना त्याच्याच वयाच्या बालकांशी करता येऊ लागली. १९६७ मध्ये बॅटाग्लिया व लुबचेन्को यांनी दहाव्या शतमकाखालील बालकांना ‘गर्भकाळाच्या मानाने लहान’ असे वर्गीकृत केले. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे आणि अशा उंचीवर जन्मवजन काहीसे कमी भरते; त्यामुळे हा आलेख सर्वत्र लागू करण्याबाबत आक्षेपही घेतले गेले. भारतीय बालकांसाठी स्वतंत्र आलेखाची गरज यातूनच जाणवली आणि दिल्लीच्या डॉ. शांती घोष व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये उत्तर भारतीय बालकांच्या गर्भावस्थेतील वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला.

आतापर्यंत हे सारे मोजमाप जन्मानंतरचे होते. ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींच्या साहाय्याने गर्भ पाहण्याची पद्धती प्रसिद्ध केली आणि पुढील दोन दशकांत गर्भाच्या डोक्याचा व पोटाचा घेर मोजून वाढीचा अंदाज घेता येऊ लागला. १९७७ पासून नाळेतील रक्तप्रवाह डॉप्लर तंत्राने तपासण्याचे प्रयत्न सुरू झाले. या साधनांमुळे मंद वाढीची अंतर्गत प्रक्रिया उलगडली. गर्भाला प्राणवायू व अन्न वारेतून मिळते. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, मातेचा रक्तदाब वाढला किंवा वार नीट कार्य करीनाशी झाली, तर पुरवठा घटतो. अशा वेळी गर्भ उपलब्ध रक्त प्रथम मेंदूकडे वळवितो. पोट, यकृत व स्नायू यांची वाढ मागे पडते. डोके त्या मानाने मोठे आणि पोट बारीक असे त्याचे रूप दिसते. कुपोषण हे मंद वाढीचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. मातेचा रक्तदाब, संसर्ग, तंबाखू, जुळा गर्भ, गर्भातील जन्मजात दोष ही कारणेही तितकीच खरी आहेत. तसेच प्रत्येक लहान मूल खुंटलेले नसते. काही मुले प्रकृतीनेच लहान व निरोगी असतात.

६. ‘लहान पण निरोगी’ : एक वाद

शेवटच्या या विधानाला भारतात वेगळे वळण मिळाले. १९८० च्या दशकाच्या आरंभी अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी गरीब देशांतील पुष्कळशी लहान चणीची माणसे ‘लहान पण निरोगी’ आहेत, असा सिद्धान्त मांडला. मूळचे सातारा जिल्ह्यातील आणि नंतर पुण्यात संशोधन करणारे ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी एकाच व्यक्तीची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते व शरीर काही मर्यादेत कमी आहाराशी जुळवून घेते, असे प्रतिपादन केले होते. सेक्लर यांच्या मांडणीला त्याचा आधार मिळाला. आहारतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी १९८३ मध्ये यावर कठोर टीका केली. लहानपणा गरिबांसाठी निरोगी आणि श्रीमंतांसाठी नाही, हे कसे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता.

हा वाद प्रामुख्याने मुलांच्या व प्रौढांच्या चणीविषयी होता. पण त्याचा मूळ प्रश्न गर्भालाही लागू होतो. महाराष्ट्रातील खेड्यात पूर्ण दिवसांचे अडीच किलोचे मूल जन्मले, तर ते प्रकृतीने लहान मानायचे की त्याची वाढ खुंटली असे मानायचे? सुखात्मे यांचा आक्षेप निराधार नव्हता. परकीय मापदंड डोळे झाकून लावू नयेत, हे शास्त्रीयदृष्ट्या रास्तच होते. परंतु उत्तर तर्काने नव्हे, तर मातांची व बालकांची प्रत्यक्ष मोजमापे घेऊनच मिळणार होते.

७. पुणे परिसरातील अभ्यास

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविकांनी ठेवलेल्या जन्मवजनाच्या वह्यांवरून डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये दाखविले की, जन्मतः व वयाच्या पहिल्या वर्षी वजन कमी असलेल्या पुरुषांत हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण अधिक होते. या विचाराची भारतीय संदर्भात तपासणी पुण्यात झाली. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला.

या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीच सुरू झाली आणि पाळीच्या तारखा नियमितपणे टिपल्या गेल्या. त्यामुळे काळाविषयीचा संशय उरला नाही. या स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आणि गर्भधारणेपूर्वीचे वजन सुमारे ४२ किलो होते. पूर्ण दिवसांच्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले; तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ते सुमारे ३.५ किलो होते. म्हणजे ही मुले लवकर जन्मली म्हणून लहान नव्हती.

डॉ. शोभा राव व सहकाऱ्यांच्या विश्लेषणातून दोन गोष्टी पुढे आल्या. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बालके आकाराने मोठी होती. आणि शेतकाम, पाणी भरणे यांसारखे अधिक श्रम करणाऱ्या मातांची बालके लहान होती. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात जे तत्त्व म्हणून मांडले गेले, त्याला मोजमापाचा आधार असा सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी मिळाला. आणि तोही कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या शेतकरी स्त्रीच्या बाबतीत.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. या बालकांचे स्नायू व पोटातील अवयव इंग्लंडच्या बालकांपेक्षा बरेच लहान होते, परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, पण चरबीने तुलनेने अधिक, अशा या शरीररचनेचा संबंध पुढील आयुष्यातील मधुमेहाशी जोडला जातो. ‘लहान पण निरोगी’ या मताला पुण्याच्या परिसरातूनच असा प्रतिवाद मिळाला.

उपाय मात्र सरळ नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला पूरक खाऊ गर्भधारणेपूर्वीपासून देण्याचा प्रयोग झाला. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता जन्मवजनात लक्षणीय फरक आढळला नाही. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ घेतलेल्यांत सरासरी ४८ ग्रॅमची वाढ दिसली आणि अतिकृश मातांना तिचा लाभ मिळाला नाही. अनेक वर्षांची, कदाचित पिढ्यांची झीज काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

प्रकृतीने लहान की खुंटलेले, हा प्रश्न जागतिक पातळीवरही पूर्ण मिटलेला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ देशांच्या अभ्यासात नागपूरचा समावेश होता. निरोगी व सुस्थितीतील मातांच्या गर्भांची वाढ सर्वत्र बरीचशी सारखी असते, असे त्यात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अभ्यासाने मात्र देशादेशांत काही फरक दाखविला.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. गर्भाची वाढ मातेच्या आहाराअभावी खुंटते, हे निरीक्षण प्राचीन आहे. परंतु वजन हेच एकमेव माप ठरल्यामुळे आधुनिक वैद्यकात ते काही काळ झाकले गेले.
२. वजन व गर्भकाळ ही दोन मापे एकत्र आल्यावरच मंद वाढ स्वतंत्रपणे ओळखता आली.
३. मातेच्या श्रमांचा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम कायद्याने उचलला आणि नंतर विज्ञानाने त्याला दुजोरा दिला. तथापि घरच्या शेतात राबणाऱ्या स्त्रीपर्यंत कायद्याचा लाभ पोहोचला नाही.
४. लहानपणा ही समाजाची प्रकृती मानण्यापूर्वी त्यामागील परिस्थिती तपासणे आवश्यक आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वजन नोंदविलेल्या बालकांपैकी सुमारे १८ टक्के बालके अडीच किलोपेक्षा कमी वजनाची आढळली. त्यांतील किती लवकर जन्मली आणि किती पोटातच खुंटली, हे या एका आकड्यावरून कळत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना सुरू केली, हे योग्य दिशेचे पाऊल होय. परंतु आहाराबरोबर विश्रांतीचाही विचार व्हावयास हवा. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून गर्भिणीचे कौतुक करणाऱ्या समाजात तीच स्त्री एरवी घरातील सर्वांच्या शेवटी जेवते आणि दिवस भरेपर्यंत डोक्यावर हंडे वाहते, ही विसंगती दूर झाल्याशिवाय केवळ खाऊने वा गोळ्यांनी हा प्रश्न सुटणार नाही. गर्भिणीच्या नोंदवहीत पाळीची तारीख व वजन यांच्या शेजारी तिच्या दिवसभराच्या कामासाठीही एक रकाना असावा, एवढे तरी या इतिहासावरून निश्चितपणे सुचविता येते.